कच्चा विषय

बंगळूरमध्ये घर भाड्यानं घ्यायचं तर आधी दहा महिन्यांचा ॲडव्हान्स तयार ठेव, हे मला पुण्यातच चार जणांनी सांगून ठेवलं होतं. शाकाहारी आहेस ना, पाहुणे फार येतात का, लग्न कधी करणार, या प्रश्नांची उत्तरंही मी पाठ करून गेले होते. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी एकटी मुलगी एवढ्या लांब येते, याचंच लोकांना नवल वाटायचं. पण बनशंकरीतल्या त्या घराच्या कट्ट्यावर चष्मा कपाळावर ढकलून बसलेल्या गृहस्थांनी मला यातलं काहीच विचारलं नाही. आधी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "दहावीचं मार्क्स कार्ड आणलंयस काय?"

मी नोकरीचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते न उघडताच परत दिलं. इंजिनिअरिंगचं प्रमाणपत्र काढलं, तर म्हणाले, "हे असू दे गं. हे सगळ्यांकडं असतंय. दहावीचं दाखव."

मी एसटीडी बूथवरून बाबांना फोन केला. दहावीची गुणपत्रिका पाठवा म्हटल्यावर बाबा म्हणाले, "ऑफिसनं मागितली?" म्हटलं, नाही, घरमालकांनी. बूथचा मीटर पळत होता. मग बाबा म्हणाले, "दुसरं घर बघ." पण दुसरीकडे सगळीकडे दहा महिन्यांचा ॲडव्हान्स मागत होते, म्हणून शेवटी गुणपत्रिकेची झेरॉक्स कुरिअरनं आली.

घरमालक ती घेऊन उजेडात गेले. त्यांना सगळे सरच म्हणत. आयुष्यभर एका हायस्कुलात गणित शिकवून ते निवृत्त झाले होते आणि उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासायला जात असत. मूळचे बेळगावकडचे, पण बंगळुरात इतकी वर्षं काढलेली की मराठीत निम्मं कानडी मिसळून गेलेलं. लोक पत्रिका बघतात तसा तो कागद त्यांनी सावकाश बघितला. माझे गणितातले मार्क खरं तर दाखवण्यासारखे होते, पण त्यांची नजर तिथं थांबलीच नाही.

"हिंदीत एक्केचाळीस. का?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला ते अजिबात आवडायचं नाही."

"न आवडता एक्केचाळीसपर्यंत गेलीस. म्हणजे सोसायची सवय हाय." त्यांनी कागद परत दिला. "सरी, चालतंय. ये राहायला. पाणी एक दिवसाआड येतंय."

त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव हिंदी पडलं. सकाळी खालून हाक यायची, "हिंदी, पाणी आलं की, टाकी भरून घे!" मागच्या खोलीत हुबळीचा एक बँकेतला मुलगा राहायचा, तो विज्ञान. भाडेकरूचं नाव सरांच्या लक्षात राहायचं नाही, त्याचा कच्चा विषय मात्र जन्मभर राहायचा. गल्लीतल्या लोकांचा माझ्या बाबतीत असा समज झाला की मी उत्तरेकडची आहे. भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलायचे आणि मी त्यांना त्याहून मोडक्या हिंदीत उत्तरं द्यायचे.

सरांचं तत्त्वज्ञान साधं होतं. दहावीच्या पुढं माणूस आवडीचे विषय घेतो, नको ते टाळतो, पळवाटा शोधतो. दहावीत मात्र नावडतं ताट पुढं आलं तरी जेवावं लागतं. "म्हणून माणूस कसा हाय ते त्याच्या कच्च्या विषयात दिसतंय," ते म्हणायचे. "पक्क्या विषयात काय, सगळेच राजे." एकदा एक मोठ्या कंपनीतले साहेब खोली बघायला आले. त्यांच्या कार्डावर सगळे आकडे नव्वदीच्या वर. सरांनी कार्ड खालीवर करून पाहिलं आणि खोली नाही म्हणून सांगितलं. साहेब गेल्यावर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चिडल्या. चांगला भाडेकरू हातचा घालवला म्हणाल्या. सर म्हणाले, "ह्याला कशातच कमी नाही. ह्याच्याशी बोलायचं काय?"

पेपर तपासण्याची सवय त्यांच्या अंगात मुरली होती. काकूंच्या सारालासुद्धा मार्क मिळायचे. "आज सेकंड क्लास," म्हटलं की काकू पळी आपटून म्हणायच्या, "मग फर्स्ट क्लासवाल्या हॉटेलात जावा की!" गणिताच्या पेपरात उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर मार्क द्यायचे, हा त्यांचा धर्म. माझ्या न्हाणीघराचा नळ त्यांनी स्वतः पाने-पक्कड घेऊन दुरुस्त केला. दुपारभर खटपट केली, आणि नळ आधीपेक्षा जोरात गळायला लागला. हात पुसत म्हणाले, "गळतोय खरा. पण स्टेप्स बरोबर होत्या."

रविवारी सकाळी कट्ट्यावर दरबार भरायचा. तेव्हा शहरात बाहेरून माणसं यायला लागली होती, बदलीवर, नव्या कारखान्यांत, आमच्यासारखी कॉम्प्युटरच्या कंपन्यांत. प्रत्येकाबरोबर एखादं दहावी झालेलं मूल आणि कुठल्या तरी वेगळ्याच बोर्डाचा कागद. कॉलेजच्या खिडकीवरचा कारकून तो कागद उलटा-सुलटा करून परत द्यायचा, आणि मग कुणीतरी सरांचा पत्ता सांगायचं. महाराष्ट्राची बेरीज वेगळी, कर्नाटकाची वेगळी. इथं पहिल्या भाषेचा पेपर सव्वाशे मार्कांचा, त्यामुळे टक्के काढताना हमखास घोळ. दिल्लीच्या बोर्डाच्या कार्डावर मार्कांशेजारी अक्षरं. त्यातलं ए-वन म्हणजे अमुक इतके मार्क, असं पालकांना वाटायचं. सर मान हलवायचे. "हे मार्क नव्हेत. ही रांगेतली जागा. पास झालेल्या पोरांची रांग लावली, की पुढच्या टोकाला उभं राहणारे ए-वन. पेपर अवघड आला तर कमी मार्कांतसुद्धा ए-वन." कुणी नुसतं सत्तर टक्के म्हणालं की ते विचारायचे, "कुठले?" गाव विचारावं तसं.

नागपूरकडच्या एका कुटुंबाची गोष्ट तर गल्लीत पुढे वर्षभर चालली. वडील बदलून आलेले. मुलगी इंग्रजी वळणाच्या शाळेत शिकलेली, आणि तिच्या बोर्डाची पद्धत अशी की श्रेणी आकड्यांत. एक म्हणजे सगळ्यांत वर आणि नऊ म्हणजे तळ. पोरीनं आनंदानं वर्ध्याच्या आजोबांना फोनवर सांगितलं, "गणितात एक, इंग्रजीत दोन, विज्ञानात एक." आजोबांनी फोन ठेवून दिला. आठवड्यानं त्यांचं जाडजूड पाकीट आलं. त्यात लेकाला धीर धरण्याचा उपदेश होता, सुनेला पोरीला बोलू नका अशी ताकीद होती, आणि पोरीसाठी एक चांगलं स्थळ होतं. मुलगा शेतकी खात्यात, शिक्षणाची अट नाही.

वडील ते पाकीट घेऊन सरांकडे आले. हसावं की रडावं, त्यांना कळत नव्हतं. आजोबांना समजवायला जावं तर त्यांना वाटायचं, पोरगा पोरीचं अपयश झाकतोय. सर मात्र हसले नाहीत. पोस्टकार्ड मागवून ठळक अक्षरांत लिहिलं, की आपली नात पहिल्या पायरीवर उभी आहे, या बोर्डात पायऱ्या वरून मोजतात, खालून नव्हे. खाली सही करून निवृत्त गणित शिक्षक असं लिहिलं. उलट टपाली आजोबांचं उत्तर आलं, आनंद झाला, स्थळाला दम धरायला सांगितलं आहे.

सर इतक्यांची कार्डं वाचायचे, पण त्यांच्या स्वतःच्या मुलीबद्दल त्या घरात कधी बोलणं निघायचं नाही. ती यशवंतपूरला राहायची. महिन्यातून एकदा यायची, काकूंशी स्वयंपाकघरात बसून बोलायची आणि सर बाजारातून यायच्या आत निघून जायची. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, शांत, भरभर काम करणारी. इथल्या रिवाजानं मी तिला अक्का म्हणायचे. तिचं आणि सरांचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटलं असतं, असं काकू म्हणायच्या.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता अक्काच्या नवऱ्याचं कारखान्यातलं काम सुटलं. तिच्या भागात अंगणवाडीत जागा निघणार होती. काम तिला येण्यासारखं होतं, मुलं तिच्या अंगाखांद्यावर खेळायची. अट एकच, एसएसएलसी, म्हणजे इथली दहावी, पास. आणि सरांची मुलगी एसएसएलसी नापास होती. गणितात.

तिनं बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं. इतक्या वर्षांनी सगळे विषय पुन्हा द्यायचे होते, पण धास्ती एकाचीच होती. मी काकूंना म्हटलं, घरात गणिताचा एवढा मोठा मास्तर आहे. काकूंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. संध्याकाळी अक्का स्वतः वर माझ्या खोलीत आली. "तू शिकवशील काय गं? अप्पांसमोर बसलं की मला येतंय तेसुद्धा येत नाही."

मग रविवारी दरबार उठल्यावर आमची शिकवणी सुरू झाली, खाली पुढच्या खोलीत. सर आतल्या खोलीत पेपर वाचायचे. निदान पान तरी उलटायचे. मी अक्काला समीकरण समजावून सांगत असले की आतून खोकला यायचा. चुकीचं काही बोलले तर दोन खोकले. एकदा मी चिन्ह बदलायला विसरले आणि आतून न राहवून आवाज आला, "वजा! वजा!" अक्काची पेन्सिल थांबली. तिचा चेहरा असा झाला की मला त्या माणसाचा मनापासून राग आला. तेवढ्यात आत भांडं पडल्यासारखा आवाज झाला आणि काकू म्हणाल्या, "तुम्ही बाजारात जावा बघू. कोथिंबीर आणा." त्यानंतर दर रविवारी सर कोथिंबीर आणायला जाऊ लागले. घरात इतकी कोथिंबीर झाली की विज्ञानालासुद्धा जुड्या मिळायला लागल्या.

अक्का मठ्ठ नव्हती. सावकाश चालणारी होती, पण एकदा पोचली की तिथून हलायची नाही. म्हणून एका रविवारी मी विचारलंच, त्या वेळी झालं काय होतं?

ती हसली. "पेपर हातात आला आणि सगळं पुसलं गेलं बघ. वर्गावरच्या बाई म्हणाल्या, अगं तू तर सरांची मुलगी, तुला काय अवघड. मग तर हातच चालेना. अर्ध्या तासाची घंटा झाली, की बाहेर सोडतात. मी कोरा पेपर देऊन बाहेर आले. अप्पा गेटवर उभे."

"ओरडले?"

"ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना वाटलं, मी अर्ध्या तासात पेपर सोडवला. रस्त्यातच मला उचलून घ्यायला निघालेले. जाताना धारवाडी पेढे घेतले. सगळ्या गल्लीत वाटले गं. शाळेत सांगितलं, बोर्डात सांगितलं, माझी पोरगी अर्ध्या तासात मोकळी झाली म्हणून." तिनं पेन्सिलचं टोक तपासलं. "मला सांगायला जमलंच नाही. निकाल लागेपर्यंत दोन महिने मी त्यांची हुशार मुलगी होते."

मी पुढचं उदाहरण काढलं. पण त्या दिवसापासून सरांच्या त्या कच्च्या विषयाच्या वेडाकडे मला पूर्वीसारखं बघता येईना. परक्या पोरांना हा माणूस का, का म्हणून विचारत होता, आणि ज्या एका मुलीला विचारायचं होतं तिच्यासमोर त्याची जीभ उचलत नव्हती.

परीक्षा एप्रिलच्या तोंडावर होती. गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळीच सर वर आले, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. "हिंदी, आज ऑफिसला सुट्टी टाक."

"तुम्ही तिला येणार नाही म्हणून सांगितलंय ना, सर?"

"तिला दिसणार नाही आम्ही. स्वल्प लांब उभं राहू."

केंद्र यशवंतपूरजवळच्या एका शाळेत होतं. समोर कांद्या-बटाट्याच्या घाऊक गाळ्यांची रांग. अक्का आत गेल्यावर आम्ही पोचलो. गाळ्यांच्या पत्र्याखाली छान सावली होती, पण तिथून शाळेचं गेट दिसत नव्हतं. गेट दिसेल अशी जागा एकच होती, रस्त्याच्या कडेला, उन्हात. सर तिथं उभे राहिले. मी दोनदा म्हटलं, सावलीत चला. हमालांनी ओरडून बाजूला व्हायला सांगितलं. ते एक पाऊल सरकले आणि पुन्हा तिथंच.

घड्याळ बघायची हिंमत त्यांना नव्हती, ते मला विचारत होते. दहा मिनिटं झाली. वीस झाली. त्यांचे ओठ हलत होते. त्यांना मंत्र म्हणताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा काय चाललं होतं देव जाणे. मग आत घंटा झाली. अर्धा तास. गेटमधला छोटा दरवाजा उघडला आणि दोन-तीन मुलं बाहेर पडली, चेहरे उतरलेली. मग एक मुलगी. मग आणखी एक मुलगा, कंपास हवेत उडवत. सर प्रत्येक चेहऱ्याकडे असे बघत होते की मला ते बघवेना. पुढची पाच मिनिटं कुणीच आलं नाही. शिपायानं दरवाजा लावून घेतला.

"नाही आली," सर म्हणाले.

"नाही आली, सर."

ते पुन्हा म्हणाले, "नाही आली बाहेर." आणि त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. घाम होता की काय होतं, मी बघितलं नाही. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघताच बोलले. "त्या दिवशी मी तिला विचारलंच नाही गं, पेपर कसा गेला म्हणून. कसा गेला ते तिला मीच सांगितलं."

निकाल पुढे उन्हाळा सरता सरता लागला. अक्का पास झाली, अंगणवाडीत लागली, अजून तिथंच असेल. तिला गणितात किती पडले ते मात्र मला माहीत नाही. मार्क्स कार्ड आलं तेव्हा काकूंनी ते सरांपुढे धरलं, तर त्यांनी ते बाजूला सारलं. "ती काय आपल्याकडं भाड्यानं राहायला येणाराय?" म्हणाले.

पण त्या दिवशी त्या रस्त्यावर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेवटच्या घंटेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मी मधे पाणी आणून दिलं, तेवढंच. गेट उघडलं आणि गणवेशातल्या पोरांचा लोंढा बाहेर आला. त्यात सगळ्यांत मागे अक्का, साडीचा पदर खोचलेला, छातीशी पॅड धरलेलं. सर वळायला लागले, पण पाय अवघडले होते आणि तिनं पाहिलं होतं. ती रस्ता ओलांडून समोर येऊन उभी राहिली.

"अप्पा? कधी आलात?"

"आत्ताच."

तिनं त्यांच्या लाल झालेल्या टकलाकडे पाहिलं, पाठीला चिकटलेल्या शर्टाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, तर मी कांद्यांच्या पोत्यांकडे बघत होते. ती वाट बघत होती.

"विचारा की," ती म्हणाली.

"काय?"

"पेपर कसा गेला ते."

"तू सांग. मी ऐकतो."

मग तिथंच, हातगाड्यांच्या गर्दीत, तिनं सांगायला सुरुवात केली. पहिलं जमलं. दुसऱ्यात आकडा चुकला, तो शेवटी लक्षात आला, पण वेळ नव्हता. प्रमेय येत होतं. मोठी दोन गणितं वाचूनसुद्धा कळली नाहीत, ती सोडली. पास होईन की नाही, सांगता येत नाही. हे सगळं ती त्यांच्या डोळ्यांकडे बघून सांगत होती, आणि आयुष्यभर पेपर तपासलेला तो माणूस मधे एक शब्द बोलला नाही. तिचं सांगून संपलं. तरी ते मान हलवत राहिले.

"फार वेळ उभा हाय गं उन्हात," शेवटी ते म्हणाले. "मला घरी ने."

अक्कानं पॅड माझ्याकडे दिलं आणि त्यांचा हात धरला.